बॉरबोरिग्मस, म्हणजे पोटातली गुडगुड

मंडळी, आजचा शब्द आहे बॉरबोरिग्मस. घरी इंग्रजी बोलणाऱ्यांनीही तो क्वचितच ऐकलेला असतो, पण त्याचा आवाज इथे बसलेल्या प्रत्येकाने ऐकलाय, पोटात गुडगुडतं ना, तोच. मूळ ग्रीक शब्द, आणि मोठ्याने म्हणून बघा, त्या आवाजाची नक्कलच आहे ती. अनेकवचन बॉरबोरिग्माय.

आपण म्हणतो पोटात कावळे ओरडतायत, म्हणजे आवाज आला की भूक लागली असं आपण धरूनच चालतो. पण बॉरबोरिग्मस हा नुसता आवाज आहे, भुकेचा असेल किंवा नसेल. आतड्याच्या भिंतीतले स्नायू आकसतात, आतला द्रव आणि हवा पुढे ढकलली जाते आणि ती गुडगुडते, जेवणानंतरही हे चालूच असतं, फक्त रिकाम्या पोटी आवाज दाबायला अन्न नसतं म्हणून तो शेजारच्यालाही ऐकू जातो. दूध न पचणाऱ्यांचं दूध प्यायल्यावर पोट वाजतं, तिथे तर भुकेचा काही संबंधच नाही.

रिकाम्या पोटी अजून एक गोष्ट होते आणि मला तीच सगळ्यात भारी वाटते. साधारण दीड ते दोन तासांनी आकुंचनाची एक जोरदार लाट जठराकडून निघते ती लहान आतड्याच्या शेवटापर्यंत सरकत जाते, वाटेतलं उरलंसुरलं अन्न आणि जंतू झाडून नेते, म्हणून शास्त्रज्ञ तिला आतड्याचा हाउसकीपर म्हणतात. तुम्ही काही खाल्लं की हे झाडणं थांबतं. म्हणजे परीक्षेच्या हॉलमध्ये पोट वाजलं म्हणून मान खाली घालणाऱ्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं की अरे, आत साफसफाई चाललीये, लाजायचं काय त्यात!

भुकेचा संबंध अगदीच नाही असंही नाही हं. 1912 साली अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन आणि त्यांचा विद्यार्थी वॉशबर्न यांनी प्रयोग केला, वॉशबर्नने चक्क एक फुगा गिळला, तो जठरात फुगवला आणि भुकेची कळ आली की तो खूण करायचा. जठर आकसणं आणि कळ, दोन्ही जुळत होतं. पण जठर काढून टाकलेल्या लोकांनाही भूक लागते, त्यामुळे सगळी भूक काही पोटात नसते.

आपल्याकडे आयुर्वेदात याला अंत्रकूजन म्हणतात, चरकसंहितेत वात पक्वाशयात, म्हणजे मोठ्या आतड्यात, बिघडला की काय होतं त्यात ते पोटदुखीसोबत येतं. कूजन म्हणजे पाखरांचं तेच कूजन, किती कान देऊन ऐकलं असेल बघा.

आणि डॉक्टर अजूनही ऐकतात. पोटाला हात लावून दाबायच्या आधी स्टेथोस्कोप ठेवतात, कारण दाबल्यावर आवाज बदलू शकतात. आतडं कुठे अडलं असेल तर अडथळ्याच्या अलीकडे बारीक, टणत्कारासारखे आवाज येऊ शकतात, आणि ऑपरेशननंतर पोट काही काळ गप्पही असतं. नुसत्या आवाजावर निदान होत नाही, म्हणूनच वॉर्डातली सिस्टर विचारत राहते, गॅस पास झाला का? घरी मात्र एवढं बघा, गुडगुडीबरोबर कळा, उलट्या, फुगलेलं पोट असेल आणि शौच-गॅस दोन्ही बंद असतील तर ओवा-हिंगावर रात्र काढू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.