फूल की दोन पानं?

निवडणूक जवळ आली की वाहिन्यांवर 'ओपिनियन पोल' सुरू होतात. काही हजार मतदारांना गाठायचं आणि अख्ख्या राज्याचा कल सांगून मोकळं व्हायचं. पण गोव्यात एखाद्या जुन्याजाणत्या माणसापुढे हा शब्द काढून बघा. त्याला आठवेल १६ जानेवारी १९६७.

त्या दिवशी प्रत्येक मतदाराला विचारलं गेलं: गोव्याने महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं? विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. खरं तर हे सार्वमतच. पण आपल्या राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. संसदेच्या कायद्याने नाव दिलं 'ओपिनियन पोल'. मराठीत तो झाला जनमत कौल. देवाला फुलं लावून कौल मागणाऱ्या मुलखात हे नाव रुळायला कितीसा वेळ लागणार!

भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष १९६३ साली विलीनीकरणाच्या मुद्द्यावरच सत्तेत आला होता. त्यांच्या मते लोकांनी उत्तर तेव्हाच दिलं होतं. युनायटेड गोवन्स या विरोधी पक्षाचे जॅक सिक्वेरा मात्र अडून बसले: आमदार निवडणं वेगळं, गोव्याचं भवितव्य ठरवणं वेगळं, लोकांना थेट विचारा. अखेर दिल्लीने ते मानलं. मतदान निःपक्षपाती व्हावं म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला.

मग प्रचाराचं रान पेटलं. 'गोमंतक' दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने. त्याच्याशी दोन हात करायला मडगावातून 'राष्ट्रमत' निघालं, तेही मराठीत! महाराष्ट्रात जायचं नाही, हे मराठी वाचकाला मराठीतूनच पटवलं जात होतं. उल्हास बुयांव कोंकणी गाणी गात गावोगाव फिरत होते. हा वाद केवळ मराठी विरुद्ध कोंकणी असा होता, असं म्हणणाऱ्यांनी 'राष्ट्रमत'चे जुने अंक जरूर चाळावेत.

पणजीत मतमोजणी झाली. फुलाला १,३८,१७० मतं, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. दमण आणि दीवमध्ये प्रश्न गुजरातमध्ये जाण्याचा होता. तिथेही लोकांनी नकारच दिला.

बांदोडकरांचं राजकारण आता संपलं, असं अनेकांना वाटलं असेल. मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. विलीनीकरण नाकारणाऱ्या त्याच गोव्याने मगो पक्षाला पुन्हा बहुमत दिलं, आणि भाऊसाहेब पुन्हा मुख्यमंत्री झाले.