नकार देण्यापुरता वेळ

[दृश्य: अंधारी खोली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत उजळत जाणारे तळदिवे]

वृद्धांची काळजी घेणाऱ्या स्वयंचलित घरात पलंगावरचा भार उतरला हे गादीखालच्या सेन्सरने ओळखले आणि वाटेवरचे दिवे मंद लागले. यासाठी सॉफ्टवेअरने कोणाची परवानगी घेतली नाही, आणि घेण्याचे कारणही नव्हते; अंदाज चुकलाच, तर फार तर झोप चाळवेल.

[दृश्य: छतालगतची पेटी, संगणकाच्या पडद्यावर ठिपक्यांची हलती आकृती]

ही पेटी कॅमेरा नसून रडार आहे. अंगावरून परतणाऱ्या रेडिओलहरींवरून तिला शरीराची जागा आणि हालचालीचा वेग कळतो, चेहरा दिसत नाही, म्हणूनच ती न्हाणीघरातही बसवता येते. आता ठिपके एकाएकी जमिनीलगत आले आहेत. माणूस पडला, की काही उचलायला वाकला, हे पेटीला खात्रीने सांगता येत नाही. म्हणून घर विचारते, "तुम्ही ठीक आहात का?" होकार आला, किंवा भिंतीवरचे बटण दाबले गेले, तर विषय तेथेच संपतो, ठरावीक सेकंदांत काहीच ऐकू आले नाही, तर निरोप आधी कुटुंबीयांना आणि मग मदतकेंद्राला जातो.

थॉमस शेरिडन आणि विल्यम व्हरप्लँक या संशोधकांनी 1978 साली समुद्राखाली दुरून चालवायच्या यंत्रांसाठी स्वयंचलनाच्या दहा पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर सर्व काही माणूस करतो, शेवटच्या पायरीवर यंत्र स्वतःच ठरवते. मधल्या एका पायरीवर मात्र यंत्र कृती निवडते, पण ती थांबवण्याइतका अवधी माणसाला देते. घरातले ते सेकंद म्हणजे हाच अवधी. तो किती असावा हे कारखान्यात ठरवून चालणार नाही, कारण सांधे आखडलेल्या माणसाला बटणापर्यंत हात नेण्यासच वेळ लागतो.

[दृश्य: बटणाकडे जाणारा वृद्ध हात, जवळून]

यंत्रणा बसवणाऱ्यांना हे बटण बहुतेक वेळा सर्वांत शेवटी आठवते, आणि मग जागा उरेल तेथे बसवले जाते. माणूस पडला नसतानाच्या फसव्या सूचना वाढल्या की घरचे फोन उचलेनासे होतात, हेही खरे.

[दृश्य: दिव्याचा खटका पुन्हा पुन्हा दाबणारी बोटे]

अमेरिकेत कोलोरॅडोतील बोल्डर येथे संगणकशास्त्रज्ञ मायकेल मोझर यांनी 1990च्या दशकात आपल्या राहत्या घराचे दिवे आणि उष्णता न्यूरल नेटवर्ककडे, म्हणजे अनुभवातून शिकणाऱ्या संगणकप्रणालीकडे, सोपवली होती. राहणाऱ्याने हाताने केलेला प्रत्येक बदल ही गैरसोयीची खूण मानून ते घर शिकत असे. दिव्यांपुरती ही रीत उत्तम आहे. पण स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीने शेगडी चालू राहिल्याची सूचना रोज बंद केली आणि त्यावरून घर गप्प राहायला शिकले, तर ते शिक्षण घातक ठरेल. म्हणून पडणे, शेगडी आणि औषधे यांबाबत रहिवाशाचा नकार त्या वेळेपुरता मानावा. सूचना कायमची सौम्य करायची असेल, तर तो निर्णय रहिवासी, कुटुंबीय आणि डॉक्टर यांनी मिळून घ्यावा.