समुद्र गोठतो तेव्हा मीठ कुठं जातं?

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर परातीत बर्फाच्या लादीचा मोठा तुकडा.]

नमस्कार मंडळी. ही लादी बेळगावच्या मासळी बाजारातली आहे. नीट बघा हिच्याकडं. कडेचा भाग आरपार दिसतो, आणि मधोमध पांढरा गाभा. गोवा-कारवारची मासळी अशाच बर्फात आपल्याकडं येते, पण हा पांढरा पट्टा कशाचा हे कुणी विचारत नाही. सुरमईचा भाव विचारण्यातच सगळा वेळ जातो.

बर्फाच्या कारखान्यात साध्या पाण्याचे डबे मिठाच्या पाण्याच्या टाकीत सोडतात. टाकीतलं पाणी शून्याच्या बरंच खाली गेलेलं असतं, तरी ते गोठत नाही, कारण त्यात मीठ आहे. डब्यातलं पाणी मात्र कडेकडून आत गोठत येतं. पाण्याचे रेणू स्फटिकात ठरलेल्या जागी बसायला लागले की तिथं दुसऱ्या कुणाची सोय नसते. विरघळलेली हवा, क्षार, जे काही असेल ते आत ढकललं जातं आणि शेवटी मधे अडकतं. तोच हा गाभा.

समुद्र गोठतानाही हेच करतो. मीठ बाहेर ढकलतो. फक्त तिथं डबा नाही, त्यामुळं मीठ एका जागी अडकून बसत नाही. आजचा सगळा व्हिडिओ त्या ढकललेल्या मिठाचा आहे. ध्रुवाकडच्या समुद्रात जे जगतं त्यातलं बरंचसं त्याच्या जिवावर जगतं, असं माझं म्हणणं आहे. पुढं बघा, पटतंय का.

[पडद्यावर: हिमनग आणि सपाट समुद्रबर्फ, शेजारी शेजारी.]

आधी एक घोळ मिटवू. डोंगराएवढा हिमनग म्हणजे समुद्रबर्फ नव्हे. हिमनग जमिनीवर पडलेल्या हिमाचा, हिमनदीतून तुटून आलेला, गोड्या पाण्याचा. समुद्रबर्फ म्हणजे खुद्द समुद्राचं पाणी गोठून झालेला सपाट थर. आज हिमनगाला सुट्टी.

साधारण खारट समुद्राचं पाणी उणे 1.8 अंशांच्या आसपास गोठतं. पण खरी गंमत त्याच्या आधीची आहे. गोडं पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून थंड झालं की हलकं होऊन वर राहतं, म्हणून थंड मुलखातली तळी वरच्यावर पटकन गोठतात. समुद्राचं पाणी तसं वागत नाही. ते गोठेपर्यंत जडच होत जातं. वरचं थंड झालं की खाली बुडतं, खालचं जरा ऊबदार पाणी वर येतं, ते थंड होतं, तेही बुडतं. वरचा आख्खा ढवळला जाणारा थर थंड व्हावा लागतो, तेव्हा कुठं पहिला स्फटिक धरतो. म्हणून समुद्र गोठायला वेळ लावतो.

[पडद्यावर: टप्प्यांची चित्रं.]

मग पाण्यात बारीक सुया आणि चकत्या तरंगायला लागतात. याला फ्रॅझिल म्हणतात. त्या एकत्र आल्या की पाण्यावर तेलकट तवंग आल्यागत दिसतं आणि लाटा मंदावतात, तो ग्रीज आइस. पुढचं समुद्र किती खवळलेला आहे त्यावर. लाटा असतील तर गोल चकत्या होतात, एकमेकींवर आपटून त्यांचे काठ वर येतात. हा पॅनकेक आइस, अंटार्क्टिकाभोवती याचंच राज्य. पाणी शांत असेल तर निलास नावाचा पातळ पापुद्रा धरतो, लाटेबरोबर वाकतो, तुटत नाही. मग बर्फ खालच्या अंगानं वाढतो. जितका जाड होईल तितकी वाढ मंद, कारण खालच्या पाण्यातली उष्णता त्याच्यातूनच वर जायची असते. वर हिम साचलं तर आणखी मंद. आर्क्टिकमधे एका हिवाळ्यात साधारण दीड-दोन मीटर.

आता मीठ. बरंचसं खाली समुद्रात जातं, पण सगळं नाही. स्फटिकांच्या फटीत खारं पाणी अडकतं. जसजशी थंडी वाढते तसं त्यातलंही पाणी गोठतं आणि उरलेलं आणखी खारट होतं. उणे 10 अंशांना या पाण्यात समुद्राच्या चौपट मीठ असतं, म्हणूनच ते तिथंही पातळ राहतं. त्यामुळं समुद्रबर्फ आपल्या लादीसारखा घट्ट नसतो. त्याच्यात पोकळ्या असतात, नळ्या असतात, केसाहून बारीक ते बोट जाईल एवढ्या. बर्फात या खाऱ्या पाण्याचा वाटा 5 टक्क्यांवर गेला की नळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि बर्फातून पाणी ये-जा करू लागतं. साधारण उणे 5 अंशांच्या आसपास. त्याहून गार झाला की वाटा पुन्हा बंद.

वर्षानुवर्षं टिकलेल्या बर्फातलं मीठ हळूहळू निथळून जातं. इतकं, की तो वितळवून पिता येतो. आर्क्टिकच्या लोकांना हे पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

[पडद्यावर: बर्फाची खालची बाजू. तपकिरी.]

हा रंग बघा. घाण नाही ती. ही डायटम आहेत, एकपेशीय शैवाल. नळ्यांत आणि बर्फाच्या तळाला चिकटून राहतात. इथलं शेत उलटं आहे, माती वर आणि पीक खाली लोंबतंय. तळाशी राहण्यात शहाणपण आहे: तिथं तापमान गोठणबिंदूएवढंच, खालून समुद्राचं पाणी खत आणून देतं, आणि वरून बर्फातून गाळून आलेला अंधुक उजेड मिळतो. तेवढा पुरतो. काही डायटम बर्फाच्या स्फटिकांची वाढ रोखणारी प्रथिनं सोडतात, भोवती चिकट पदार्थाचं आवरण करतात. 2019-20 मधे पोलरस्टर्न हे जर्मन जहाज मुद्दाम आर्क्टिकच्या बर्फात अडकवून ठेवलं होतं, मोझॅक मोहिमेत. ध्रुवाची लांबलचक रात्र नुकती संपत होती, सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम आला होता, आणि मार्च अखेरीस शैवाल वाढायला लागलेलं त्यांना सापडलं.

वसंतात मोकळ्या पाण्यात अजून काही पिकलेलं नसतं, तेव्हा हेच पहिलं अन्न. अंटार्क्टिकात क्रिलची, म्हणजे कोळंबीसारख्या बारीक जिवांची, पिल्लं पहिला हिवाळा बर्फाखाली काढतात, तळाचं शैवाल खरवडून खातात. क्रिलवर मासे, पेंग्विन, सील, निळा देवमासा. आर्क्टिकमधे हीच साखळी पोलर कॉड माशावरून सीलकडं आणि सीलवरून पांढऱ्या अस्वलाकडं जाते.

वेडेल सीलचं तर ऐका. बर्फात श्वासाची भोकं उघडी ठेवायला तो दातांनी बर्फ खरवडतो. दात झिजतात. दातांचा डॉक्टर तिथं नाही.

आणि एम्परर पेंग्विन. किनाऱ्याला घट्ट धरलेल्या समुद्रबर्फावर मे-जूनमधे अंडी घालतात, नर दोन महिने उपाशी उभा राहून ती उबवतो. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं डिसेंबरच्या सुमारास येतात. तोवर पायाखालचा बर्फ राहायला हवा. 2022 मधे अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझन समुद्राजवळच्या ज्या पाच वसाहतींवर उपग्रहातून नजर होती, त्यातल्या चारांचा बर्फ आधीच फुटला. त्या चार वसाहतींतली पिल्लं वाचली असण्याची शक्यता फार कमी.

आता खाली गेलेल्या मिठाकडं येऊ. ते जड खारं पाणी तळाला उतरतं. किनाऱ्यावरून सुटणारे वारे बर्फ ढकलत राहतात, मोकळं पाणी उघडं पडतं, ते परत गोठतं, परत मीठ सोडतं. अशा जागेला पोलिन्या म्हणतात, आणि शास्त्रज्ञही तिला बर्फाचा कारखाना म्हणतात! अंटार्क्टिकातलं आपलं भारती हे संशोधन केंद्र ज्या प्रिड्झ बे जवळ आहे, त्याच्या पश्चिमेला केप डार्न्लीचा असा एक कारखाना आहे. तिथून पाणी खोल तळाला उतरतं हे 2013 मधे जाहीर झालं, आणि त्याची काही मोजमापं एलिफंट सीलच्या अंगावर बसवलेल्या यंत्रांनी केली होती. हे गार, प्राणवायूनं भरलेलं पाणी तळातळानं हिंदी महासागरातही पोचतं.

लांबचं वाटत असेल, तर चोर्ला घाट उतरून वास्कोला जा. भारताचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तिथंच आहे. अंटार्क्टिकाची पहिली भारतीय मोहीम डिसेंबर 1981 मधे गोव्यातूनच निघाली होती.

एक प्रश्न हमखास येतो: हा बर्फ वितळला तर गोव्याचे किनारे बुडणार का? थेट नाही. तो आधीच पाण्यात तरंगतोय. पातळी जमिनीवरच्या बर्फानं वाढते. पण हिम पांघरलेला समुद्रबर्फ ऊन्हाचा 80-90 टक्के भाग परत पाठवतो आणि उघडा समुद्र बहुतेक सगळं पिऊन टाकतो. म्हणजे बर्फ गेला की समुद्र तापतो, आणि तापला की पुढचा बर्फ उशिरा धरतो.

[पडद्यावर: दोन नकाशे.]

आकडे सांगतो. सप्टेंबर 2012 मधे आर्क्टिकचा बर्फ 34 लाख चौरस किलोमीटरवर आला, आपल्या देशापेक्षा जरासाच मोठा. उपग्रहांच्या नोंदीतला तो नीचांक. अंटार्क्टिकाभोवती हिवाळ्यात साधारण 1 कोटी 80 लाखांपर्यंत पसरतो आणि उन्हाळ्यात आक्रसून 30 लाखांच्या आसपास येतो. फेब्रुवारी 2023 मधे तो 18 लाखांच्याही खाली गेला.

हिमनगाचा व्हिडिओ पुढच्या वेळी. त्यावर काही विचारायचं असेल तर खाली लिहा, मराठीत लिहा, कन्नडमधे लिहा, दोन्ही वाचतो. ही लादी आता शेजारच्या काकूंना देतो, त्यांच्याकडं बांगडे आलेत.