मध्यान्हीच्या सैतानाला उत्तर

[दृश्य: वाळवंट. मातीच्या विटांची पडकी भिंत, तिच्यात लहानशी खिडकी.]

सकाळचे दहा वाजलेत. इजिप्तच्या वाळवंटातल्या एका खोलीत एक माणूस एकटाच बसलाय. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तीनला. तो खिडकीतून डोकावतो. सूर्य जागचा हललेला नाही. थोड्या वेळाने पुन्हा डोकावतो. मग बाहेरच येतो, शेजारचा एखादा बंधू इकडे येताना दिसतोय का बघायला. कुणी नाही. आजचा दिवस पन्नास तासांचा आहे की काय! आणि मग मनात सुरू होतं: ही जागाच वाईट. हे हातकाम नको. इथल्या माणसांत प्रेम राहिलेलं नाही. देवाला काय, कुठूनही हाक मारता येते. मग इथेच कशाला?

हे वर्णन सोळाशे वर्षांपूर्वीचं. लिहिणारा इव्हॅग्रियस नावाचा ख्रिस्ती संन्यासी. या अवस्थेला तो 'मध्यान्हीचा सैतान' म्हणतो. शब्द बायबलमधल्या स्तोत्र 91 च्या जुन्या ग्रीक भाषांतरातला. ज्यांच्या आजीने 'भर बाराला विहिरीवर जाऊ नकोस' असं बजावलंय, त्यांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

[दृश्य: समुद्र, शिडाचं जहाज.]

हा माणूस जन्मापासूनचा वैरागी नव्हता. आजच्या तुर्कस्तानातल्या पाँटस भागात जन्मलेला, हुशार, वादविवादात तरबेज. कॉन्स्टँटिनोपलच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तो डीकन (धर्मगुरूंचा साहाय्यक) होता आणि इ.स. 381 ची मोठी धर्मसभा तिथे भरली तेव्हा शहरात त्याचं नाव होतं. त्याच शहरात तो एका बड्या घरच्या विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला. त्याचा शिष्य पॅलेडियस पुढचं सांगतो. इव्हॅग्रियसला स्वप्न पडलं: आपल्याला अटक झालीय, हातात बेड्या आहेत, आणि शहर सोडून जाईन अशी शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घ्यावी लागतेय. जाग आल्यावर त्याने शपथ स्वप्नातली म्हणून सोडून दिली नाही. सामान जहाजावर चढवलं आणि यरुशलेम गाठलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती, असं आपल्याला वाटतं. पण यरुशलेममध्ये त्याचं मन पुन्हा डळमळलं, भारी कपडे पुन्हा अंगावर आले. मग सहा महिने ताप. जैतुनाच्या डोंगरावर मठ चालवणाऱ्या मेलानियाने त्याच्याकडून सगळं कबूल करून घेतलं, आणि 383 च्या सुमारास तो इजिप्तला गेला. दोन वर्षं निट्रिया इथल्या संन्याशांच्या वस्तीत, मग केलियात. केलिया म्हणजेच 'खोल्या'. एकेकट्या संन्याशांची वाळवंटातली वस्ती. पोटापुरतं मिळावं म्हणून तो तिथे पुस्तकांच्या नकला करून द्यायचा. अक्षर सुंदर होतं.

शहर सुटलं, विचार सुटले नाहीत. उपास केला की मनात येई: पोट बिघडेल, यकृताचं, प्लीहेचं दुखणं जडेल, आणि इथे वैद्य कुठून आणणार? असे विचार त्याने आठ गटांत मांडले: खादाडपणा, व्यभिचार, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, तो दुपारचा कंटाळा, दिखाऊपणा आणि गर्व.

[दृश्य: उजाड डोंगर, पायवाट.]

उत्तर कसं द्यायचं, याचा नमुना त्याला मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात दिसला. रानात येशूची परीक्षा होते. त्याची तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या एकाच पुस्तकातली, सहाव्या आणि आठव्या अध्यायांमधली. 'मनुष्य केवळ भाकरीने जगणार नाही' वगैरे. वाद नाही, लांबण नाही. 'असा शास्त्रलेख आहे,' बस्स.

मात्र त्याच प्रसंगात सैतानालाही शास्त्र पाठ असतं! तो स्तोत्र 91 म्हणून दाखवतो: देवदूत तुला हातांवर झेलतील. आणि नेमका तिथेच थांबतो. पुढच्याच ओळीत नागाला पायाखाली तुडवण्याची गोष्ट आहे, ती तो गाळतो. म्हणजे नुसतं पाठांतर असून भागत नाही. कोणत्या विचाराला कोणतं वचन, हे कळायला हवं.

इव्हॅग्रियसने हीच मेहनत केली. ऐन लढाईच्या वेळी हवं ते वचन पटकन सापडत नाही, कारण ती शास्त्रभर विखुरलेली आहेत, ही त्याची अडचण. म्हणून त्याने आठ भागांचं एक पुस्तक केलं. पाचशेच्या आसपास नोंदी. प्रत्येक नोंदीत आधी मनात येणारा विचार, अगदी नेमका, आणि खाली त्याला द्यायचं उत्तर. घरच्यांच्या आठवणीने खोली सोडावीशी वाटली, तर हे वचन. गरजू भावाला देताना हात आखडला, तर ते. वचनं बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरुवात करून क्रमाने पुढे. मूळ ग्रीक हरवलं. सिरियाक आणि आर्मेनियन भाषांतरांमुळे ते आपल्यापर्यंत पोहोचलं.

आपल्याकडे शाब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, मुलं सुवर्णवचन (पाठ करायला दिलेलं बायबलचं वचन) घडाघडा म्हणून दाखवतात, टाळ्या मिळतात. ते वचन कधी, कशासाठी काढायचं, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. इव्हॅग्रियसची वही मला म्हणूनच मोलाची वाटते.

दुपारच्या त्या कंटाळ्यावरचा त्याचा उपाय तर फारच हळवा आहे. तो म्हणतो, आपल्या जिवाचे दोन भाग करा. एकाने दुसऱ्याची समजूत काढायची, रडत रडत, दाविदाच्या शब्दांत: 'हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?'

[दृश्य: विहिरीचा काठ. रात्र.]

वचनांनी सगळं भागलं असंही नाही. वासना अनावर झाली तेव्हा भर थंडीत तो रात्रभर विहिरीत उघडा उभा राहिला, असं पॅलेडियस लिहितो.

केलियात तो चौदा वर्षं राहिला. 399 मध्ये, प्रकटीकरणाच्या सणाच्या (एपिफनी, 6 जानेवारी) सुमारास, तो वारला. त्याच्या थोडंच आधी त्याने जवळच्यांना सांगितलं होतं: देहाच्या वासनेने छळायचं थांबवलं, त्याला हे तिसरं वर्ष.