घरात कोणी फादर होऊन गेलेत? मग वंशावळीचं काम तिथून सुरू करा

नमस्कार मंडळी! वसई, गोवा, मुंबईतली ईस्ट इंडियन गावठाणं, कुठल्याही जुन्या कॅथलिक घरात जा, एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमच्या पणजोबांचे भाऊ फादर होते." बरं, मग? मग काही नाही, कारण वंशावळ काढणारा बघतो की यांना मुलंबाळं नाहीत, फांदी इथेच संपली, आणि तो पुढच्या नावाकडे वळतो. मला याची खरंच हळहळ वाटते, कारण अख्ख्या घराण्यात ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त कागद तयार झाले असतील तो माणूस नेमका हाच असतो.

असं का, ते सांगते. शेती करणाऱ्या पणजोबांच्या नावावर चर्चमध्ये तीन नोंदी सापडतील, बाप्तिस्मा, लग्न, मयत. पण फादर व्हायचं म्हणजे आधी चौकशी. ट्रेंटच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बिशपांच्या मोठ्या सभेने, 1563 मध्ये नियमच केला की दीक्षेआधी मुलाचं नाव त्याच्या गावच्या चर्चमध्ये जाहीर करायचं, त्याचा जन्म, वय, वागणूक याबद्दल खात्रीच्या लोकांना विचारायचं आणि ते बिशपला कळवायचं. पोर्तुगीज राज्यात तर यापुढे जाऊन 'दे जेनेरे' नावाची चौकशी व्हायची, म्हणजे मुलगा कोणाचा, आईवडील कुठले, दोन्हीकडचे आजी-आजोबा कोण, हे साक्षीदार बसवून लिहून घ्यायचे. हेतू काही आपल्यासारखा प्रेमळ नव्हता हां, रक्ताची शुद्धता बघायची होती, जात बघायची होती, ते वाईटच. पण त्या फाईलमधले आजी-आजोबा फादरचे तसेच तुमच्या पणजोबांचेही, आणि आईकडच्या आजीचं नाव एरवी कुठे मिळतं सांगा!

दुसरा कागद मला स्वतःला सगळ्यात आवडतो, तो म्हणजे पात्रिमोनियु. चर्चचा नियम असा की फादरवर पोटापाण्यासाठी हात पसरायची वेळ येता कामा नये, त्यामुळे चर्चकडून उत्पन्नाची सोय नसेल तर घरच्यांनी मुलाच्या नावाने मालमत्ता दाखवायची. मग नोटरीसमोर दस्त व्हायचा की अमुक भाट (म्हणजे बागायत), तमुक शेत याच्या नावाने केलं, आणि त्यात चतुःसीमा आल्या, 'नाशेंत' म्हणजे पूर्व, 'पोएंत' म्हणजे पश्चिम, मग 'नोर्त' आणि 'सुल', आणि प्रत्येक बाजूला शेजारी कोण त्याचं नाव. हा कागद हाती लागला की गावात उभं राहून घराण्याची जमीन कुठे होती ते दाखवता येतं, आणि शेजाऱ्यांमध्ये बऱ्याचदा भाऊबंदच निघतात.

आता शोधायचं कसं. बरेच जण थेट बिशप हाऊसला ईमेल टाकतात की आमचे फादर शोधून द्या, आणि उत्तर येत नाही म्हणून नाराज होतात. सुरुवात बाप्तिस्म्याच्या वहीपासून करा, आणि वही उघडलीत की मुख्य मजकुराइतकंच लक्ष समासाकडे द्या. 1917 च्या कॅनन कायद्याने, म्हणजे चर्चच्या कायद्याने, असं ठरवलं की सबडिकनची (फादर व्हायच्या आधीची एक पायरी) दीक्षा झाली की ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथे कळवायचं आणि तिथल्या वहीत नोंद करायची, आणि 1983 च्या कायद्यातही दीक्षेची नोंद बाप्तिस्म्याच्या वहीत करायचा नियम आहे. म्हणजे विसाव्या शतकातले फादर असतील तर त्या बारीक अक्षरातल्या दोन ओळींत दीक्षेची तारीख आणि जागा मिळायची चांगली शक्यता आहे.

पण वही कुठल्या गावची? इथे लोक फार अडकतात. गोव्याचे संत जुझे वाझ यांचंच उदाहरण घ्या. वडील सांकवाळच्या घराण्यातले, पण जन्म 1651 चा, बाणावलीचा, म्हणजे आईच्या गावी, आणि बाप्तिस्माही तिथल्याच चर्चमध्ये. बाळंतपण माहेरी ही आपल्याकडची रीतच, त्यामुळे वडिलांच्या गावात नोंद नाही मिळाली तर आजोळ बघा. आणि त्यांच्याच बाबतीत पुढे बघा, 1675 मध्ये डिकन केलं ते बिशप कुस्तोदियो द पिन्यो यांनी, आणि 1676 मध्ये फादर केलं ते आर्चबिशप आंतोनियो ब्रांदाव यांनी. एकाच माणसाच्या दोन दीक्षा, दोन वेगळे बिशप.

हे नीट लक्षात घ्या, कारण जुन्या काळी दीक्षा एका दिवसात उरकत नव्हती. आधी डोक्यावरचे केस कापायचा विधी, मग चार छोट्या पायऱ्या, मग सबडिकन, डिकन आणि शेवटी फादर. सबडिकन आणि त्या छोट्या पायऱ्यांची जुनी रचना पोप पॉल सहावे यांनी 1972 मध्ये बंद केली. त्यामुळे रजिस्टरमध्ये एकच नाव चार-पाच वेळा वेगवेगळ्या तारखांना दिसलं तर तो सारख्या नावाचा दुसरा माणूस आहे असं लगेच धरू नका. ट्रेंटच्या नियमाने सबडिकनला 22 वं, डिकनला 23 वं आणि फादरला 25 वं वर्ष लागलेलं असायला हवं, म्हणजे दीक्षेचं साल माहीत असेल तर त्यातून 24 वजा करा, जन्म साधारण त्या सालचा किंवा त्याच्या आधीचा. वयात सूट मिळायची काहींना, पण सुरुवातीला हा हिशोब पुरतो.

मूळ रजिस्टर असतं ते जिथे दीक्षा झाली तिथल्या बिशपच्या कार्यालयात. आणि आपल्याकडे खरी गंमत इथे आहे, कारण गाव तेच राहिलं तरी धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचे प्रदेश, बदलत गेले. वसईची चर्चेस आधी गोव्याच्या आर्चबिशपकडे, 1739 ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यानंतरही पाद्रोआदोची (पोर्तुगीज राजाच्या आश्रयाखालची चर्चव्यवस्था) म्हणजे गोव्याचीच सत्ता, मग 1886 पासून दमणचा धर्मप्रांत, 1928 ला मुंबईत विलीन, आणि वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो थेट 1998 ला. म्हणून 1900 सालच्या वसईच्या फादरचे कागद आजच्या वसईच्या बिशप हाऊसमध्येच असतील असं धरून बसू नका. मुंबईत तर अजून गुंता, तिथे 1928 पर्यंत पाद्रोआदो आणि प्रोपागांडा (म्हणजे थेट रोमच्या हाताखालची) अशा दोन सत्ता शेजारी शेजारी नांदत होत्या, काही ठिकाणी अगदी एकाच वस्तीत, म्हणून फादर कुठल्या बाजूचे होते ते आधी विचारा.

काही जण तर फारच लांब गेले. दिवाडीचे मातेउस द कास्त्रो यांना गोव्याच्या आर्चबिशपने दीक्षा द्यायला नकार दिला तर ते सरळ रोमला गेले, तिथे फादर झाले आणि 1637 मध्ये बिशपही झाले. त्यांच्या दीक्षेचा कागद गोव्यात शोधून काय मिळणार? त्यापेक्षा जवळचं उदाहरण म्हणजे श्रीलंकेतलं कँडी. आज पुण्यात जी पेपल सेमिनरी आहे ती 1893 पासून कँडीला होती, 1955 ला पुण्यात आली, आणि भारतभरातली मुलं तिथे शिकायला जायची. घरात कोणी "ते सिलोनला शिकले" असं म्हणत असेल तर ती गोष्ट हलक्यात घेऊ नका, तिथेच दीक्षा झालेली असू शकते.

फादर धर्मप्रांताचे नसून जेज्विट किंवा फ्रान्सिस्कन असतील तर रस्ताच वेगळा, त्यांच्या संघाच्या प्रांत कार्यालयात विचारायचं, तिथे प्रत्येक सभासदाचा हिशोब ठेवलेला असतो.

आणि हे सगळं करायच्या आधी घरातली जुनी प्रार्थनेची पुस्तकं उघडा, अगदी पान न् पान. दीक्षेच्या आणि पहिल्या मिस्साच्या (फादरने चर्चमध्ये केलेल्या पहिल्या उपासनेच्या) आठवणीसाठी छोटी चित्रं छापून वाटायची पद्धत होती, पुढे मारियामाय किंवा येशूचं चित्र आणि मागे फादरचं नाव, तारीख, चर्च. आजीने ते पानात खूण म्हणून ठेवलेलं असतं. फक्त तारीख दीक्षेची आहे की पहिल्या मिस्साची ते बघा, दोन्ही वेगळ्या असतात. मुंबईचं 'एक्झामिनर' 1850 पासून निघतंय, आपलं मराठी 'सुवार्ता' आहे, त्यांच्या जुन्या अंकांत दीक्षेच्या आणि निधनाच्या बातम्या चाळायला विसरू नका.

एवढं जमवलंत की मग लिहा बिशप हाऊसला. चान्सलरच्या, म्हणजे तिथली कागदपत्रं सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने लिहा, छोटं लिहा, फादरचं नाव, वडिलांचं नाव, गाव, अंदाजे साल आणि तुमचं नातं. नावाची पोर्तुगीज आणि लॅटिन रूपंही द्या, घरातला जुझे लॅटिन रजिस्टरमध्ये जोसेफुस असतो, आणि पोर्तुगीज पद्धतीच्या जुन्या सूच्या बऱ्याचदा आडनावावर नाही तर पहिल्या नावावर लावलेल्या असतात. तारखेसोबत दीक्षेच्या वेळची चौकशीची फाईल आणि पात्रिमोनियु आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारा, कारण नुसती तारीख मागितली तर नुसती तारीखच मिळते.