खोगीर स्वतःचे, घोडा मालकाचा

पडद्यावर दिसणाऱ्या या छायाचित्रात रुंद काठाची टोपी घातलेला, गळ्यात रुमाल आणि कमरेला काडतुसांचा पट्टा बांधलेला एक कृष्णवर्णीय तरुण उभा आहे. हातात बंदूक आहे, जवळ दोराचे वेटोळे आहे, पायाशी खोगीर आहे. घोडा मात्र कुठेच नाही. छायाचित्रकाराच्या दालनात घोडा आणणे सोपे नव्हते हे खरे, तरीही या चित्रात त्या काळच्या काउबॉयच्या जगण्यातली एक गोष्ट नेमकी उतरली आहे. खोगीर गड्याच्या मालकीचे असे, त्यासाठी तो महिनाभराचा पगार सहज खर्च करी. पण ज्या घोड्यांवर तो दिवसरात्र राबे, ते घोडे बहुधा मालकाचे असत.

या तरुणाचे नाव नॅट लव्ह. 1854 मध्ये अमेरिकेतील टेनेसी राज्यात एका मळ्यावर तो गुलाम म्हणूनच जन्माला आला, आणि त्याचे आडनावही मळ्याच्या मालकाचेच होते. 1865 मध्ये गुलामगिरी संपली, पण हाती आलेल्या स्वातंत्र्यासोबत जमीन आली नाही आणि पैसाही आला नाही. वडील लवकरच वारले. पोरवयातला नॅट शेजारच्या तबेल्यातली शिंगरे माणसाळवू लागला. एका शिंगरामागे त्याला 10 सेंट मिळत. पुढे सोडतीत जिंकलेल्या घोड्याचे पैसे हाती आले, त्यातले निम्मे त्याने आईला दिले आणि 1869 मध्ये पश्चिमेची वाट धरली.

त्या वाटेला कामाची ददात नव्हती. 1865 मध्ये संपलेल्या अमेरिकेतील यादवी युद्धानंतर टेक्सासच्या माळरानांवर लांब शिंगांची लाखो गुरे मोकाट वाढली होती. तिथे तीन-चार डॉलरला मिळणारे जनावर उत्तरेकडच्या बाजारात त्याच्या कितीतरी पटीने विकले जाई. अडचण एवढीच होती की तिकडे जाणारी रेल्वे टेक्सासपासून शेकडो मैल दूर, कॅन्सस राज्यात होती. 1867 पासून ॲबिलीनच्या स्थानकावर गुरे चढवण्याची सोय झाली आणि ती तिथवर चालवत नेण्यासाठी माणसांची गरज निर्माण झाली. कॅन्ससमध्ये टेक्सासहून आलेल्या अशाच एका तांड्याकडे नॅटने काम मागितले. तांड्यातला सर्वांत खोडकर घोडा त्याला बसायला देण्यात आला, आणि तो पडला नाही म्हणून महिना 30 डॉलरवर त्याला ठेवून घेण्यात आले.

तीस डॉलरच्या बदल्यात करावे लागणारे काम चित्रपटांत क्वचितच दिसते. दोन-अडीच हजार गुरांच्या कळपामागे दहा-बारा गडी असत आणि दिवसाला दहा-पंधरा मैल या गतीने दोन-तीन महिने चालत राहायचे असे. सर्वांत नवख्या गड्याच्या वाट्याला कळपाची शेपटी येई, म्हणजे दिवसभर हजारो खुरांनी उडवलेली धूळ खात रेंगाळणारी, लंगडणारी जनावरे पुढे रेटायची. रात्री पाळीपाळीने पहारा असे. पहाऱ्यावरचे गडी कळपाभोवती घोडे फिरवत संथ सुरात गात राहत, कारण माणसाचा ओळखीचा आवाज कानावर असला की गुरे अचानक बुजत नसत. वीज कडाडली की मात्र गाण्याचा काही उपयोग होत नसे. सगळा कळप उधळला की काळोखात त्याच्या बरोबरीने घोडा फेकून पुढच्या जनावरांना वळवायचे, आणि त्या दौडीत घोड्याचा पाय बिळात गेला तर गड्याचे काय होई, ते वेगळे सांगायला नको. पूर आलेल्या नद्या ओलांडतानाही माणसे बुडत. शिधागाडीवरच्या आचाऱ्याला गड्यांपेक्षा जास्त पगार मिळे, आणि तीन महिने रोज घेवडा आणि खारवलेले डुकराचे मांस खाणाऱ्यांनी त्याबद्दल फारशी कुरकुर केली नसावी.

गुरे विकली गेली की मजुरी हातात पडे आणि काम संपे. हिवाळ्यात मालक मोजकीच माणसे ठेवून घेत. बाकीचे एका रँचवरून, म्हणजे गुरे पाळण्याच्या मोठ्या मळ्यावरून, दुसऱ्या रँचवर जेवणाच्या आशेने फिरत, गवत कापत, लाकडे फोडत, खांबांसाठी खड्डे खणत. काउबॉय या शब्दाभोवती एवढे तेज चढले आहे की हा हंगामी मजूर होता, याचा आपल्याला विसर पडतो. टेक्सासमधल्या गड्यांना तो पडला नव्हता. 1883 मध्ये महिना 50 डॉलरच्या मागणीसाठी त्यांनी संप केला आणि तो फसला. या गड्यांमध्ये साधारण चौथा माणूस कृष्णवर्णीय होता, असा अनेक इतिहासकारांचा अंदाज आहे.

नॅट पुढे ॲरिझोनात गेला, मेक्सिकन गड्यांकडून स्पॅनिश शिकला आणि जनावरांच्या अंगावर तापल्या लोखंडाने उमटवलेले मालकीचे डाग वाचून कोणते जनावर कोणाचे हे ठरवणारा मुख्य माणूस झाला. त्याच्या आत्मचरित्रात याहून पुष्कळ रंगतदार मजकूर आहे. 4 जुलै 1876 रोजी डेडवूड गावात रानटी घोड्याला फास टाकून, बांधून, खोगीर चढवून नऊ मिनिटांत आपण त्यावर स्वार झालो आणि 200 डॉलर जिंकले, असे तो सांगतो. अंगावर गोळ्यांचे चौदा व्रण असल्याचेही सांगतो. 1869 मध्येच आपण डॉज सिटीत पोहोचलो असे तो लिहितो, पण ते गाव वसले 1872 मध्ये. तेव्हा या कथा जपूनच ऐकाव्यात. मात्र शेकोटीभोवती अशी फोडणी देणे हाही त्या धंद्याचाच भाग होता, आणि घोडा, दोर व डाग यांविषयी तो लिहितो तेव्हा लिहिणाऱ्याचे हात त्या कामात मुरलेले असल्याचे जाणवते.

1874 मध्ये जोसेफ ग्लिडन यांना काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि मोकळे माळ हळूहळू कुंपणांत बंद झाले. रेल्वे टेक्साससह सर्वत्र पोहोचल्यावर गुरे चालवत नेण्याची गरज उरली नाही. 1886-87 च्या भीषण हिवाळ्यात उत्तरेकडच्या कुरणांवर गुरांचे कळपच्या कळप गोठून मेले आणि अनेक मालकांचे दिवाळे निघाले.

1890 मध्ये, लग्न झालेला आणि पस्तिशी उलटलेला नॅट डेन्व्हरमध्ये रेल्वेचे शयनडबे चालवणाऱ्या पुलमन कंपनीत पोर्टर म्हणून रुजू झाला. बक्षिसी फारशी मिळेना म्हणून मध्यंतरी त्याने नोकरी सोडून भाजीपाला विकला, पण तो पुन्हा रेल्वेतच परतला. बिछाने घालणे, सामान उचलणे, प्रवाशांचे बूट रात्रीतून चकचकीत करणे हे त्याचे काम होते. गणवेशाचा आणि बुटांच्या पॉलिशचा खर्च पोर्टरच्याच खिशातून जाई. कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून कितीतरी प्रवासी प्रत्येक पोर्टरला जॉर्ज अशीच हाक मारत. 1907 मध्ये त्याने आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि त्यात खोगिरासह काढलेल्या या छायाचित्राबरोबरच रेल्वेच्या गणवेशातले छायाचित्रही छापले. 1921 मध्ये लॉस एंजेलिस येथे त्याचे निधन झाले.