अभयारण्याची पाटी लागली, पुढे काय?

(ग्वाल्हेर शहरातल्या लष्कर या भागात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवलाय.)

मागच्यांना ऐकू येतंय ना? माईक घरघरतोय जरा. हां, आता ठीक.

मला फोनवर सांगितलं होतं की वाघांबद्दल बोला, लोकांना आवडतं. वाघांबद्दल बोलणारे खूप आहेत हो. शिवपुरीच्या माधव नॅशनल पार्कमध्ये २०२३ मध्ये वाघ आणून सोडले, २०२५ मध्ये तो टायगर रिझर्व्ह झाला, हे सगळं तुम्ही पेपरात वाचलंच आहे. मी सुरुवात करणार आहे करेरापासून. शिवपुरी-झाशी रस्त्यावरचं करेरा, आपल्यातले निम्मे लोक तिथून गेले असतील, पण तिथं अभयारण्य होतं हे किती जणांना माहितीये? दोन हात. तीन. बघा.

१९८१ मध्ये तिथं माळढोकसाठी अभयारण्य झालं, इथले लोक त्याला सोनचिरैया म्हणतात. साधारण दोनशे चौरस किलोमीटर. त्याच वर्षी आपल्या ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या घाटीगावातही, ते त्याहून मोठं, पाचशेच्या वर. माळढोक म्हणजे काय पक्षी आहे तर नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सगळ्यात जड असतात त्यातला एक, आणि मादी वर्षाला बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर, जमिनीवर, घरटं नाही काही नाही. म्हणजे याला झाडी नको, याला मोकळा माळ लागतो, कमी उंचीचं गवत, मधे मधे ज्वारी-हरभऱ्याची कोरडवाहू शेतं चालतात, गुरं फिरली तरी चालतं. आणि असा माळ आपल्याकडे कुणाचा असतो? शेतकऱ्याचा किंवा गावाचा. सरकारी रेकॉर्डला बऱ्याचदा पडीक.

आता गंमत बघा. १९७२ चा वन्यजीव कायदा म्हणतो की अभयारण्याची पहिली अधिसूचना निघाली की त्या जमिनीवर वारसाहक्क सोडून कुणालाही नवीन हक्क मिळणार नाही. कलम २०. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर जंगल होतं, करेरात होती गावं आणि शेतं. म्हणजे झालं काय, की मुलीच्या लग्नाला एकरभर जमीन विकायची म्हटली तर रजिस्ट्री होत नाही. विहिरीसाठी कर्ज काढायचं तर जमीन तारण म्हणून कोण घेणार? कलेक्टरने चौकशी करून हक्कांचा निकाल लावायचा असं कायद्यातच लिहिलंय, पण हे काम देशभर कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं लटकून राहिलं. आणि हे सगळं कुणामुळे? एका पक्ष्यामुळे. जो पक्षी काल शेतात फिरत होता आणि कुणाला काही वाटत नव्हतं, तो आज दुश्मन झाला.

सुरुवातीला पक्षी वाढले, हे खरंय. शिकार थांबली, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे लोक अभ्यासाला येऊन राहिले. पण संरक्षणाचा फायदा काळविटांनाही झाला, ती भराभर वाढली आणि पिकात शिरायला लागली, आणि लोकांचा राग आणखी वाढला. नव्वदीच्या सुरुवातीनंतर करेरात माळढोक दिसेनासाच झाला. आणि अभयारण्य? ते तसंच राहिलं की, रजिस्ट्रीची बंदी चालू, पक्षी नाही, वर्षानुवर्षं. शेवटी काही वर्षांपूर्वी अभयारण्याचा दर्जाच काढून टाकला. मला विचाराल तर गावकऱ्यांनी पक्षी मारला वगैरे म्हणणं हा आळस आहे, आपण शहरात बसून करतो तो. त्या माळाचं करायचं काय, गवत कुठे राखायचं, अंड्यांच्या दिवसात कुठल्या तुकड्यात गुरं नकोत आणि त्या बदल्यात गुरंवाल्याला काय द्यायचं, हे ठरवणारं कुणी होतं का, हा खरा प्रश्न.

सोलापूरकडे तर याहून भारी प्रकार. तुमच्यापैकी ज्यांचे नातेवाईक तिकडे असतील त्यांना नान्नज माहीत असेल. १९७९ मध्ये तिथं माळढोक अभयारण्य केलं तेव्हा क्षेत्र किती धरलं, तर ८,४९६ चौरस किलोमीटर! तालुकेच्या तालुके, गावं, बाजारपेठा, रस्ते, सगळं अभयारण्यात. एवढं सांभाळणार कोण? पुढे कोर्टकचेऱ्या, समित्या होऊन ते १,२२२ वर आणलं. म्हणजे नकाशावर जितकी मोठी रेघ तितकं संरक्षण जास्त असं काही नसतं, उलट तेवढ्याच गार्डना दहापट जमीन दिली की एका तुकड्याकडेही धड लक्ष राहत नाही.

आता कुणी म्हणेल की ही माळाची भानगड आहे, जिथं माणसांना पूर्ण बाहेर काढता येतं तिथं तर सोपं असेल. चला मग भरतपूरला, आपल्यापासून काही लांब नाही. तिथलं केवलादेव पक्षी उद्यान मूळचं महाराजांचं बदकांच्या शिकारीचं तळं, १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पाडले, दगडावर कोरून ठेवलंय तिथं, जाल तेव्हा वाचा. ऐंशीच्या सुरुवातीला तो नॅशनल पार्क झाला. अभयारण्यात आणि नॅशनल पार्कमध्ये मोठा फरक हा की अभयारण्यात परवानगीने चराई वगैरे चालू शकते, नॅशनल पार्कमध्ये चराई बंद म्हणजे बंद. १९८२ मध्ये म्हशींना बंदी झाली, आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि बंदी घाला म्हणणाऱ्यांत पक्षीतज्ज्ञ सालिम अलींसारखे मोठे लोक होते, म्हणजे कुणी अडाणी नव्हते.

मग काय झालं? म्हशी जे गवत खायच्या ते वाढलं. पाण्यात पसरणारं, गच्च, पॅस्पॅलम नाव त्याचं. उघडं पाणी कमी झालं, बदकांना पोहायला जागा नाही, माशांना अडचण, मासे खाणाऱ्या पक्ष्यांना अडचण. परत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनेच बरीच वर्षं अभ्यास केला आणि निष्कर्ष निघाला की इथं म्हशींचा उपयोग होत होता! नंतर गवत काढायला त्याच गावांतल्या लोकांना आत सोडायची वेळ आली. बाई घरात रोज झाडू मारते ते कुणाला दिसत नाही, ती चार दिवस माहेरी गेली की दिसतं, तसं त्या म्हशींचं झालं. (हशा) हसू नका, आयोजक पण हसतायत, त्यांच्याही घरी तेच असणार.

मनाई करायला एक कागद पुरतो. चालवायला रोज माणूस लागतो. चंबळमध्ये हे चांगल्या अर्थाने बघायला मिळतं, म्हणून तिकडे येतो.

सत्तरीच्या दशकात घडियाल, म्हणजे लांब निमुळत्या तोंडाची मगर, संपत आली होती, देशभरात दोनशेसुद्धा नव्हती असा अंदाज होता. १९७५ मध्ये मगरी वाचवायचा प्रकल्प सुरू झाला, त्यानंतर तीन-चार वर्षांत चंबळ अभयारण्य झालं, मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश, तिन्ही राज्यं मिळून. पण नुसती पाटी लावून थांबले नाहीत. मुरैनाजवळ देवरीला केंद्र आहे, बघितलं नसेल तर मुलांना घेऊन जा. घडियाल मादी मार्च-एप्रिलमध्ये नदीकाठच्या उंच वाळूत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं मे-जूनमध्ये निघतात आणि लगेच पावसाळा, पूर आला की बहुतेक वाहून जातात. म्हणून काही अंडी उचलून आणायची, पिल्लं चार फुटांच्या आसपास होईपर्यंत वाढवायची आणि मग नदीत सोडायची. हे दरवर्षी करावं लागतं, पेपरात फोटो येवो न येवो. आज चंबळमध्ये घडियाल दोन हजारांच्या वर आहेत.

पण आता वाळू. घडियालला अंड्यांसाठी जी वाळू लागते तीच आपल्या स्लॅबला लागते. अभयारण्यात उपसा बंद आहे, तरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालतात हे या हॉलमधल्या कुणालाही सांगायची गरज नाही. २०१२ मध्ये मुरैनात नरेंद्र कुमार हा तरुण आयपीएस अधिकारी दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अडवायला गेला आणि त्याच ट्रॅक्टरखाली चिरडला गेला. तिथं तुटपुंज्या पगारावरचा रोजंदार चौकीदार काय करणार? आणि दुसरी गोष्ट पाण्याची. गांधीसागर, राणा प्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बॅरेज, एवढं सगळं वर आहे, आणि उन्हाळ्यात खाली किती पाणी सोडायचं हे वनविभाग ठरवत नाही. २००७-०८ च्या थंडीत खालच्या टप्प्यात शंभरावर घडियाल मेली, किडन्या गेलेल्या होत्या, आणि शंका होती ती यमुनेतून येणाऱ्या विषारी माशांवर. म्हणजे चंबळचं जनावर, आणि घाण दुसऱ्या नदीची. रेघ तिथं काय कामाची?

श्योपूरकडच्या कुनो नॅशनल पार्कबद्दल थोडक्यात सांगतो कारण वेळ होत आलाय. तिथून २४ गावं उठवली, बहुतेक सहरिया आदिवासींची, गीरच्या सिंहांसाठी. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सिंह न्या म्हणून सांगितलं, सहा महिन्यांत. सिंह आजपर्यंत आले नाहीत, २०२२ मध्ये आफ्रिकेतून चित्ते आले. चित्त्यांचं कौतुक करा, मीही बघायला जाईन, पण ज्यांनी सिंहासाठी घर सोडलं त्यांना या बदलाबद्दल कुणी विचारलं होतं का, एवढं तरी त्या उद्घाटनाच्या गर्दीत कुणी बोलायला हवं होतं.

काका, तुमचा प्रश्न होता ना, की करेरात किंवा घाटीगावात माळढोक परत आणता येईल का. जैसलमेरजवळ सम इथं २०१९ पासून त्यांची पैदास करतायत, पिल्लं होतायत, म्हणजे पक्षी कधीतरी मिळतीलही. पण या पक्ष्याला समोरचं नीट दिसत नाही, विजेच्या तारांना धडकून मरतो, आणि आपल्याकडे माळावर तारा, बोअर, कुंपणं सगळं वाढलंय. शिवाय करेराच्या शेतकऱ्याला आत्ता कुठे जमीन विकता यायला लागलीये, त्याच्याकडे जाऊन परत तेच नाव घ्यायचं तर हातात आधी काहीतरी लेखी घेऊन जावं लागेल, की रजिस्ट्री थांबणार नाही, आणि गवत राखलंस तर दर हंगामाला इतके पैसे. असा कागद अजून कुणी तयार केलेला मी बघितला नाही.